हीथ्रोवर उतरल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला मुलांकडे येणारे आई-बाबा, पहिल्यांदा शिकायला येणारे विद्यार्थी आणि त्यांना घ्यायला जाणारी मंडळी सतत विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न "स्वस्त काय पडेल?" हा असतो. माझं मत असं, की आधी टर्मिनल कोणतं, हातात सामान किती आणि जायचंय नेमकं कुठे, हे ठरवा. या तीन गोष्टी ठरल्या की स्वस्त-महागचा निर्णय सोपा होतो. तिकीटदर दरवर्षी बदलतात, म्हणून आकडे फार थोडे दिले आहेत.

1. हीथ्रोला टर्मिनल किती? आमचं विमान कुठे लागेल?

सध्या चार चालू आहेत: 2, 3, 4 आणि 5. टर्मिनल 1 हे 2015 मध्ये बंद झालं, त्यामुळे जुन्या माहितीत ते दिसलं तर सोडून द्या. 2 आणि 3 शेजारी-शेजारी आहेत आणि भुयारी वाटेने चालत जाता येतं. 4 दक्षिणेला आणि 5 पश्चिमेला, दोन्ही बरीच लांब. एअर इंडिया टर्मिनल 2 ला येते, व्हर्जिन अटलांटिक 3 ला, ब्रिटिश एअरवेज मुख्यतः 5 ला. दुबईमार्गे एमिरेट्सने आलात तर 3, दोहामार्गे कतार एअरवेजने आलात तर 4. विमान कंपन्या अधूनमधून टर्मिनल बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तिकिटावर पुन्हा बघा. घ्यायला येणाऱ्याला विमानाच्या वेळेसोबत टर्मिनलचा आकडाही कळवा.

2. विमानातून उतरल्यावर काय-काय क्रमाने येतं?

चाल, इमिग्रेशन, सामानाचा पट्टा, कस्टम्स आणि मग बाहेरचा हॉल. "अरायव्हल्स" लिहिलेल्या पिवळ्या पाट्यांमागे जायचं. जांभळ्या पाट्या पुढचं विमान पकडणाऱ्यांसाठी आहेत, त्यांच्या मागे जाऊ नका.

पहिली चाल लांब असते आणि हे कोणी आधी सांगत नाही. टर्मिनल 2 मध्ये विमान बी इमारतीला लागलं, तर मुख्य इमारतीपर्यंत जमिनीखालून भलं मोठं अंतर कापावं लागतं. मधे सरकते पट्टे आहेत. टर्मिनल 5 च्या बी आणि सी इमारतींतून भुयारी शटल गाडीने यावं लागतं. स्वच्छतागृह इमिग्रेशनच्या रांगेआधी गाठून घ्या. एकदा रांगेत अडकलात की मधेच निघणं अवघड.

3. विमानात लँडिंग कार्ड भरावं लागतं का?

नाही. 20 मे 2019 पासून ते बंद झालं. अनेक वर्षांपूर्वी येऊन गेलेले नातेवाईक अजून "पेन जवळ ठेव" सांगतात. ठेवा, पण या कामासाठी ते लागणार नाही.

4. भारतीय पासपोर्टवर ई-गेट चालतं का?

नाही. ही स्वयंचलित फाटकं ब्रिटन, युरोपीय संघ, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशा ठरावीक देशांच्या पासपोर्टसाठी आहेत. आपण "ऑल अदर पासपोर्ट्स" या रांगेत उभं राहायचं. जावई ब्रिटिश नागरिक आणि सासूबाई भारतीय, असे दोघे एकत्र प्रवास करत असतील तर जावयाने ई-गेटने पुढे न जाता त्यांच्याबरोबर याच रांगेत यावं. प्रश्नोत्तरांच्या वेळी आपलं माणूस शेजारी असण्याचा फायदा मोठा असतो.

5. इमिग्रेशन अधिकारी काय विचारतात? आईला इंग्रजी फारसं येत नाही.

प्रश्न साधे असतात. कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुणाकडे, तो मुलगा किंवा मुलगी काय करते, परत कधी जाणार, खर्च कोण करणार. अधिकाऱ्याला व्हिसाच्या अर्जातली माहिती आणि तोंडी उत्तर जुळतंय का, एवढंच पाहायचं असतं. म्हणून खरं आणि थोडक्यात सांगावं. अर्जात सहा आठवडे लिहिलं असेल आणि आई "बघू, जमेल तितके दिवस" म्हणाली, तर पुढचे प्रश्न वाढतात. "नातवंडं सांभाळायला आले" हे वाक्यही आपल्याकडे कौतुकाचं असलं तरी तिथे कामाला आल्यासारखं ऐकू येतं. मुलाला आणि नातवंडांना भेटायला आले, असं म्हणावं, कारण खरं कारण तेच असतं.

एका कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून द्या: मुलाचं नाव, पूर्ण पत्ता पोस्टकोडसह, फोन नंबर, परतीची तारीख. त्यासोबत परतीचं तिकीट आणि निमंत्रणपत्राची प्रत. हे सगळं हातातल्या पिशवीत हवं. चेक-इन केलेल्या बॅगेतले कागद इमिग्रेशनला उपयोगाचे नाहीत, कारण बॅग त्यानंतर मिळते. भाषेची अडचण झालीच तर "हिंदी इंटरप्रिटर प्लीज" एवढं म्हणता आलं तरी पुरे. थोडं थांबावं लागेल, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

व्हिसा ई-व्हिसा स्वरूपात असेल तर हातातला पासपोर्ट यूकेव्हीआयच्या (ब्रिटिश व्हिसा विभागाच्या) ऑनलाइन खात्याला जोडलेला आहे ना, हे निघण्यापूर्वी तपासा. पासपोर्टचं नूतनीकरण झालं असेल तर विशेष लक्ष द्या.

6. व्हीलचेअर मागवावी का? बाबा चालू शकतात, त्यांना संकोच वाटतो.

घरात, सोसायटीत, बाजारात चालणं वेगळं आणि नऊ-दहा तास बसून सुजलेल्या पायांनी हीथ्रोचे बोळ पार करणं वेगळं. गुडघे, कंबर, श्वास किंवा हृदयाचा त्रास असेल तर संकोच करू नका. ही सेवा मोफत आहे. मदतनीस विमानाच्या दारापासून इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स पार करून बाहेरच्या हॉलपर्यंत सोबत असतो. इंग्रजी न येणाऱ्या, एकट्या येणाऱ्या वयस्कर माणसाला त्या सोबतीचाच आधार वाटतो.

मागणी विमान कंपनीकडे, उड्डाणाच्या किमान 48 तास आधी नोंदवायची. तिकीट एजंटाने काढलं असेल तर नोंद खरंच झाली का, हे कंपनीला फोन करून विचारा. उतरल्यावर गर्दीत निघून न जाता विमानातच बसून राहायचं. मदतनीसाची वाट पाहण्यात कधी-कधी बराच वेळ जातो, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

विसरभोळेपणा किंवा ऐकू कमी येणं अशी बाहेरून न दिसणारी अडचण असेल तर हीथ्रोवर सूर्यफुलांची नक्षी असलेली हिरवी गळ्यातली पट्टी मोफत मिळते. ती पाहिली की कर्मचारी घाई न करता, नीट समजावून सांगतात.

7. खाण्याचे कोणते पदार्थ आणता येतात?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सर्वात चुकीची माहितीही याबाबतच पसरलेली आहे. भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, पनीर, चक्का आणि घरचं कढवलेलं तूपही नाही. साताऱ्याचे कंदी पेढे नातवासाठी कितीही प्रेमाने घेतले असले तरी ते घरीच ठेवा. इथे भारतीय मिठाई आणि तूप सहज मिळतं.

ताजी फळं, भाज्या आणि पानांसाठी बहुतेक वेळा वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळी, अननस आणि खजूर यांना सूट आहे. हापूस आणि कढीपत्ता सूट असलेल्यांच्या यादीत नाहीत, म्हणून हापूसची पेटी प्रमाणपत्राशिवाय आणू नका.

गोडा मसाला, मेतकूट, पापड, कुरडया, तेलातला चिवडा, चकली, लोणचं, डाळींची पिठं यांना अडचण येत नाही. पण घरच्या पुड्यांवर आत काय आहे ते इंग्रजीत लिहा. बिनओळखीची पिवळी पूड कुणालाही उघडून बघावीशी वाटते. शंका असेल तर कस्टम्सच्या हिरव्या (जाहीर करण्यासारखं काही नाही) मार्गाने न जाता लाल मार्गाने जा आणि स्वतःहून दाखवा. रोख रक्कम 10,000 पौंड किंवा त्याहून जास्त असेल तर ती जाहीर करावीच लागते.

8. औषधं किती आणावीत?

मुक्कामाला पुरतील इतकी, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव असावं. तीव्र वेदनाशामक आणि झोपेच्या काही गोळ्यांवर इथे नियंत्रण आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरांचं पत्र आवश्यक समजा. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा (कारण पुढच्याच प्रश्नात).

9. बॅग पट्ट्यावर आलीच नाही तर?

हॉलमधून बाहेर पडू नका. तिथेच विमान कंपनीच्या सामान-काउंटरवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या. पत्ता मुलाचा द्या, फोनही इथला द्या. बॅग फाटली-मोडली असेल तर 7 दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी दावा करावा लागतो. बोर्डिंग पास आणि बॅगेची चिकटपट्टी तोवर टाकू नका.

10. शहरात जायला रेल्वेचे पर्याय कोणते?

तीन आहेत.

पिकॅडिली लाइन ही भुयारी मेट्रो 1977 पासून हीथ्रोला येते. तिघांत सर्वात स्वस्त आणि सर्वात संथ, मध्य लंडनला साधारण 50 मिनिटं. डबे लहान, मोठ्या बॅगांना जागा नाही, आणि सकाळ-संध्याकाळी वाटेत गर्दी चढते. हॅमरस्मिथ, अर्ल्स कोर्ट, ग्रीन पार्क, किंग्स क्रॉस इथे लिफ्ट आहे, पण लेस्टर स्क्वेअर आणि पिकॅडिली सर्कसला पायऱ्या आणि सरकते जिने आहेत.

एलिझाबेथ लाइनचा मधला भुयारी भाग मे 2022 मध्ये सुरू झाला. भाडं पिकॅडिलीच्या दुपटीहून जास्त, पण डबे लांब-रुंद आणि वातानुकूलित, आणि तिच्या प्रत्येक स्थानकावर जिने टाळून फलाटापर्यंत जाता येतं. पॅडिंग्टन अर्ध्या तासात, पुढे बाँड स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड, लिव्हरपूल स्ट्रीट, कॅनरी वॉर्फ एकाच गाडीत. साउथहॉल, ईलिंग, हेझला राहणाऱ्यांनाही हीच सोयीची. टर्मिनल 5 वरून तिच्या गाड्या कमी असतात.

हीथ्रो एक्सप्रेस 1998 ची. टर्मिनल 2-3 वरून पॅडिंग्टनला 15 मिनिटांत, आणि तिथेच संपते. ऐनवेळचं भाडं साधारण 25 पौंड, आधी काढलं तर बरंच कमी.

आई-बाबा आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर माझं उत्तर एलिझाबेथ लाइन. पाठीवर एक सॅक घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला पिकॅडिली उत्तम. एक्सप्रेसची पंधरा मिनिटं फक्त पॅडिंग्टनच्या आसपास राहणाऱ्यांच्या खऱ्या उपयोगाची. ज्यांना पुढे गाडी बदलायचीय, त्यांचा वाचलेला वेळ बदलण्यातच जातो.

11. एलिझाबेथ लाइनने निघालो आणि एक्सप्रेसचं भाडं कापलं गेलं. असं का?

कारण दोन्ही गाड्या विमानतळावर एकाच फलाटावर येतात आणि दोन्ही पॅडिंग्टनला जातात. समोर आली ती गाडी पकडली की हा घोळ होतो. चढण्यापूर्वी फलाटावरच्या पडद्यावर नाव वाचा आणि डब्यावर एलिझाबेथ लाइनचं जांभळं चिन्ह आहे का ते बघा. पॅडिंग्टनलाही दोघी वेगवेगळ्या ठिकाणी थांबतात, एक्सप्रेस वरच्या मुख्य स्थानकात आणि एलिझाबेथ जमिनीखाली. स्थानकावर कुणी घ्यायला येणार असेल तर त्यालाही हे सांगा.

12. भारतीय डेबिट-क्रेडिट कार्ड रेल्वे स्थानकाच्या फाटकावर चालतं का?

व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्सप्रेसचं टॅप करता येणारं कार्ड चालतं. रुपे चालत नाही. प्रीपेड फॉरेक्स कार्डही टॅपची सोय असेल तर चालतं.

अडचण वेगळीच असते. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे भारतीय कार्डांवर परदेशी वापर आणि टॅप या सोयी बंद असू शकतात. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दोन्ही स्वतंत्रपणे सुरू करा. इथे आल्यावर ओटीपीसाठी भारतीय सिम चालू नसेल तर हे काम अडून बसतं. बँक परकीय चलनाचं शुल्क लावते, तेही धरून चाला.

प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र कार्ड हवं. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत. आणि ज्या वस्तूने आत टॅप केलं तिनेच बाहेर टॅप करायचं. फोनमध्ये साठवलेलं कार्ड आणि खिशातलं तेच कार्ड यंत्राला दोन वेगळी वाटतात, मग दोन्हींवर कमाल भाडं लागतं.

कार्डाची खात्री नसेल तर मेट्रो स्थानकावर ऑयस्टर कार्ड (पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवास-कार्ड) घ्या. त्याची किंमत परत मिळत नाही, पण ते वर्षानुवर्षं चालतं. पुढच्या वेळी आत्या-काकांना देता येतं.

13. मुलांचं तिकीट?

11 वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत मेट्रो आणि एलिझाबेथ लाइनवर मोफत, एका मोठ्या माणसाबरोबर चार जणांपर्यंत. त्यांना कार्ड लागत नाही. रुंद फाटकातून सोबत न्या. 11 ते 15 वयाच्या पाहुण्या मुलांसाठी ऑयस्टर कार्डावर 14 दिवसांपर्यंत अर्ध्या भाड्याची सवलत मिळते. मात्र ती स्थानकावरच्या कर्मचाऱ्याकडून कार्डावर चढवून घ्यावी लागते, आपोआप लागू होत नाही. हीथ्रो एक्सप्रेसवर 15 वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांसोबत मोफत.

14. टर्मिनल 4 ला उतरलो, पण भाऊ टर्मिनल 2 ला थांबलाय. आता?

टर्मिनलांमधला रेल्वे प्रवास मोफत आहे. 4 वरून एलिझाबेथ लाइन किंवा पिकॅडिली लाइनने 2-3 ला या. फाटक उघडायला कार्ड टॅप करा किंवा यंत्रातून शून्य भाड्याचं तिकीट काढा. एक्सप्रेस 4 ला येत नाही. विमानतळाच्या आसपास सगळ्या बस फुकट आहेत, असं जुन्या लेखांत वाचाल. ती सवलत आता नाही.

परत जाताना पिकॅडिली लाइनने येत असाल तर गाडीच्या कपाळावरची पाटी वाचा. काही गाड्या 4 ला वळसा घेतात, काही थेट 5 ला जातात.

15. विमान रात्री उशिरा पोचलं तर?

मेट्रो साधारण मध्यरात्रीपर्यंत आणि पहाटे पाचपासून. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री पिकॅडिली लाइन रात्रभर असते, पण टर्मिनल 4 वरून नाही. इतर रात्री एन9 ही बस हीथ्रोवरून मध्य लंडनला जाते. लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत, म्हणून प्रश्न 12 आधी वाचा. वयस्कर मंडळींना मात्र रात्री टॅक्सीनेच पाठवा. पैसे वाचवण्याची ती वेळ नव्हे.

16. टॅक्सी, उबर की मिनीकॅब?

काळी टॅक्सी टर्मिनलबाहेरच्या रांगेत उभी असते. मीटर असतो, कार्ड घ्यावंच लागतं, व्हीलचेअर आत जाते. चार-पाच जण आणि भरपूर सामान असेल तर खर्च वाटला जातो. एकट्याला मात्र ती फार महाग.

उबर भारतातल्याच अ‍ॅपवर चालते. गाडी दारात येत नाही, पार्किंगच्या ठरलेल्या मजल्यावर येते. मजला अ‍ॅपमध्ये दिसतो, पण वयस्कर माणसाला तो एकट्याने शोधणं कठीण. त्यांच्यासाठी आधी नोंदवलेली आणि चालक हॉलमध्ये नावाची पाटी घेऊन उभा राहतो अशी मिनीकॅब (खासगी टॅक्सी) बरी. विमान उतरल्यानंतर सव्वा ते दीड तासाची वेळ द्या.

हॉलमध्ये कुणी आपणहून "टॅक्सी?" विचारलं, अगदी आपल्या भाषेत विचारलं तरी, नाही म्हणा. आधी नोंदवल्याशिवाय मिनीकॅबने प्रवासी घेणं लंडनमध्ये बेकायदा आहे, आणि अशा प्रवासाला विम्याचं संरक्षण नसतं.

17. मी गाडी घेऊन घ्यायला येतोय. कुठे थांबू?

टर्मिनलसमोरची जागा फक्त सोडायला आहे, घ्यायला नाही. घ्यायला शॉर्ट स्टे पार्किंगमध्येच जावं लागतं. सोडायला आलात तरी शुल्क आहे, आणि तिथे फाटक किंवा पैसे घेणारं कुणीच नसतं. कॅमेरा नंबर टिपतो, पैसे दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन किंवा फोनवर भरायचे. विसरलात तर दंडाची नोटीस घरी येते. गाडी जुनी असेल तर आणखी एक खर्च: ऑगस्ट 2023 पासून हीथ्रोसकट सगळं लंडन प्रदूषण-शुल्काच्या हद्दीत आलं आहे.

18. लंडनबाहेर जायचंय. आधी शहरात जावं लागतं का?

बहुतेकांना नाही. टर्मिनल 2 आणि 3 च्या मधल्या सेंट्रल बस स्टेशनवरून ऑक्सफर्ड, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, केंब्रिजकडे कोच सुटतात. रेडिंगला रेलएअरची बस जाते. हॅरोला एसएल9, किंग्स्टन-क्रॉयडनकडे एसएल7 या जलद बस आहेत. कोचचं तिकीट विमान वेळेवर येईल असं धरून काढू नका. किमान अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा, किंवा वेळ बदलता येणारं तिकीट घ्या.

19. महाराष्ट्र मंडळाला आणि आंबेडकर हाऊसला कसं जायचं?

1932 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू वायव्य लंडनमध्ये डॉलिस हिल लेनवर आहे. एलिझाबेथ लाइनने बाँड स्ट्रीट, तिथे ज्युबिली लाइन, डॉलिस हिल स्थानक. पिकॅडिलीने आलात तर ग्रीन पार्कला ज्युबिली मिळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं 10 क्रमांकाचं घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये घेतलं. एलिझाबेथ लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोड, मग नॉर्दर्न लाइनने चॉक फार्म आणि थोडं चालणं. नॉर्दर्न लाइनची एजवेअरकडे जाणारी गाडीच धरा, दुसरी शाखा चॉक फार्मला जात नाही. लंडनला येणाऱ्या प्रत्येकाने हे घर पाहावं, असं मला मनापासून वाटतं. पण उतरल्या दिवशी बॅगा घेऊन नको.

20. विद्यार्थ्यांना बीआरपी (राहण्याच्या परवान्याचं) कार्ड कुठे मिळतं?

ते आता देतच नाहीत. 2024 च्या अखेरीस ही कार्डं बंद होऊन ई-व्हिसा आला. यूकेव्हीआयचं खातं भारतातूनच उघडून ठेवा. विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि राहण्याचा पत्ता हातातल्या पिशवीत (प्रश्न 5 पाहा).

21. आमचे अमेरिकन पासपोर्टवाले नातेवाईक येताहेत. त्यांना काही लागतं का?

पर्यटनाला व्हिसा नको, पण जानेवारी 2025 पासून ईटीए ही प्रवास-परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. ओसीआय कार्डाचा इथे संबंध नाही. भारतीय पासपोर्टवर व्हिसा असलेल्यांना ईटीए लागत नाही.

22. हीथ्रोला फक्त विमान बदलायचंय, बाहेर पडायचं नाही. तरी व्हिसा?

भारतीय पासपोर्टला सहसा हो, ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असणाऱ्यांना बऱ्याच परिस्थितींत सूट मिळते, पण अटी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतःच्या प्रवासाची माहिती भरूनच तपासा.

खरी अडचण दोन वेगळी तिकिटं काढणाऱ्यांची होते. सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत नोंदवलेलं नसेल तर ते घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि मग आतल्या आत विमान बदलण्यासाठीचा व्हिसा पुरत नाही. दुसरं विमान गॅटविक या लंडनच्या दुसऱ्या विमानतळावरून असेल तरी हेच. तिथे जायला हीथ्रोवरून थेट कोच आहे. प्रवास सव्वा तासाचा धरला तरी लंडनभोवतालच्या रस्त्यावरची कोंडी लक्षात घेता दोन विमानांत पाच तासांहून कमी अंतर ठेवू नका.